मीनूला पडू देण्याबद्दल

अक्का, तुमच्याबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, म्हणून आधी माफी मागतो. तुमच्या हाताखाली शिकून मोठमोठ्या ठिकाणी गेलेले कितीतरी जण आहेत, त्यांनी लिहावं. मी अजून फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पण स्मरणिकेसाठी तुमच्या भावाने सगळ्यांकडून एक-दोन पानं मागितली. मला म्हणाले, "तू मराठीतच लिही. तिने तुला बाराखडी शिकवली ती कशाला?" तंजावूरला आमच्या घरात बोलायला मराठी, शाळेत लिहायला तमिळ आणि परीक्षेला इंग्रजी, असं माझं चाललं होतं. देवनागरी तुम्ही शिकवलीत, दुपारी थेरपीची मुलं यायच्या आधी, त्यांच्याच चटईवर बसून. आमच्या घरी हे पान कुणाला वाचता येणार नाही. तरी वैनीला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, लिही, गल्लीला आता कळलंच आहे.

तुमचं शिक्षण, नोकरी, ते सगळं कुणीतरी नीट लिहील. मला फक्त माझ्या पुतणीबद्दल, मीनूबद्दल लिहायचं आहे. आपलं भांडण तिच्यावरून होतं आणि ते मिटलेलं नाही.

मीनूला तुमच्याकडे आणायचं मीच घरी बोललो होतो. वर्ष उलटून गेलं तरी ती धरल्याशिवाय बसत नव्हती आणि तिची उजवी मूठ उघडत नव्हती. आई म्हणायची, मुलीची मूठ बंद आहे ते बरंच, हातात लक्ष्मी राहील. अण्णा, माझा थोरला भाऊ, रिक्षा चालवतो, तो कमी बोलतो. एके दिवशी सकाळी काही न सांगता त्याने रिक्षा दारात आणून उभी केली आणि वैनीला म्हणाला, बस.

पहिल्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे प्रश्न विचारलेत. पालथी कधी वळली, बसली कधी, रांगली कधी. उत्तरं आईने दिली. वैनी मीनूला मांडीवर घेऊन खाली बघत होती. आईला तमिळ महिने पाठ असतात. वैकासीत वळली, आडीत बसली, पुरट्टासीत उंबरा ओलांडला. कुठे अडखळली नाही. तुम्ही मीनूला चटईवर निजवलंत. तिला वळता येत नव्हतं. बसवलंत, तर ती एका बाजूला कलंडली. तुम्ही आईला तेच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारलेत. तीच उत्तरं आली.

मग तुम्ही हात धुवायला म्हणून मागच्या नळापाशी गेलात आणि मला बोलावलंत. तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. म्हणालात, "उशिरा येणारं मूल मी बघू शकते. पण येत होतं ते गेलं असेल, तर हे आपल्या चटईवरचं काम नव्हे." त्रिचीच्या न्यूरोलॉजिस्टना तुम्ही तिथूनच फोन लावलात.

त्या फोनपासून त्रिचीला जायच्या दिवसापर्यंतचा काळ मला अजून आठवावासा वाटत नाही. जे येतं ते हळूहळू जाणं म्हणजे काय असू शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात त्या रोगांची नावं एकाखाली एक असतात. आता ती वाचताना मला मीनूचे पैंजण ऐकू यायचे. जेवायला बसलो की वैनी वाढायची आणि मी मान वर करायचो नाही. आईने पुन्नैनल्लूरच्या देवीला काही बोलून ठेवलं होतं, काय ते सांगायला ती तयार नव्हती. वैनी तर बोलायचीच थांबली. मला वाटलं भीतीने. भीतीनेच होतं, पण मला वाटली ती भीती नव्हती.

त्रिचीला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला पुन्हा बोलावून घेतलंत. मी विचारलं, उद्या मोठे डॉक्टर बघणारच आहेत, आज काय? तुम्ही म्हणालात, मला झोप लागत नाही, काहीतरी जुळत नाही.

तुम्ही तिला पाठीवर निजवलंत आणि तिचं तोंड अलगद उजवीकडे वळवलंत. उजवा हात सरळ ताठ झाला, डावा कोपरात वाकून डोक्यामागे गेला. जणू धनुष्य ओढते आहे. तोंड डावीकडे वळवलंत, तर तेच उलट झालं, हात बदलले. हे मी कॉलेजात चित्रात पाहिलं होतं. जन्मलेल्या प्रत्येक बाळात हे असतं आणि सहाव्या महिन्याच्या आसपास मावळतं, मेंदू मोठा होतो तसं तो त्या सवयीला खाली दाबून टाकतो. मीनूमध्ये ते जसंच्या तसं होतं. तुम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलंत. मग मांडी घालून बसलात आणि आईकडे न बघता वैनीकडे बघितलंत.

"जिचा हात असा मध्ये अडकतो, ती पाचव्या महिन्यात वळली कशी? वळताना कोणी बघितलं?"

आई म्हणाली, कोळकट्टै वाटली ना आम्ही.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गल्लीत मूल पहिल्यांदा पालथं पडलं की कोळकट्टै करतात, उकडीच्या मोदकासारखी, आत नारळ-गूळ. बसलं की एक पदार्थ, उंबरा ओलांडला की आणखी एक. घरोघरी ताट जातं. शेजारच्या घरी मीनूच्याच आगेमागे जन्मलेला मुलगा होता. तो वळला, त्यांचं ताट आमच्याकडे आलं आणि ताट घेऊन आलेल्या मामीने सहज विचारलं, तुमची? आई म्हणाली, काल वळली. एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कोळकट्टै करावी लागली. ताट रिकामं कसं परत करणार? मग बसण्याचं आलं. तेही केलं. मग उंबऱ्याचं. त्या दिवशी आईने मीनूला उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवलं होतं. वैनीला हे सगळं माहीत होतं. अण्णाला बहुतेक माहीत होतं. मी होस्टेलवर होतो, माझ्या वाट्याची कोळकट्टै डब्यातून यायची आणि मी ती आनंदाने खाल्ली होती.

मला वाटलं तुम्ही रागावाल. तुमचा चेहरा लाल झाला होता खरा. पण तुम्ही आईला विचारलंत, "मावशी, म्हणजे हिने यातलं काहीच कधी केलं नाही? एकदाही?"

आई म्हणाली, नाही.

"नक्की?"

"देवाशपथ नाही," आई म्हणाली आणि रडायला लागली. तिला वाटलं पोरीची इतकी वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते आहे. आणि तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटलेत आणि म्हणालात, बरं झालं. आईला तो शब्द कितीतरी दिवस बोचत होता. माझ्या पोरीला काही येत नाही आणि डॉक्टरम्मा म्हणते बरं झालं. मी घरी जाऊन समजावलं की मीनूकडून काही हिरावलं गेलं नव्हतं, ते अजून यायचं होतं. आईला ते पटलं का ते माहीत नाही. मला पटलं होतं.

तरी तुम्ही त्रिची टाळू दिली नाहीत. म्हणालात, जायचंच, फक्त आता प्रश्न वेगळा आहे. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा दिसली, जन्माच्या सुमाराची, न वाढणारी. उजव्या हाताचं आणि पायाचं कारण तेच. परतताना बसमध्ये अण्णा मीनूला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसला होता. तंजावूर येईपर्यंत त्याने एकच प्रश्न विचारला. चालेल का ही? मी म्हटलं, अक्काला विचारतो.

मी तुम्हाला विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ते आपलं पहिलं भांडण. मी म्हटलं, घरच्यांना काहीतरी आशा द्यायला नको का? तुम्ही म्हणालात, जे दिसतं ते सांग, जे दिसत नाही ते माझ्या नावावर सांगू नकोस.

मग काम सुरू झालं. ते बघायला कंटाळवाणं असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तीच कुशीवर वळवणं, तेच डोकं मधोमध आणणं, दोन्ही हात तोंडापाशी आणून एकमेकांना भेटवणं, चादरीच्या झोळीत सावकाश झुलवणं. दर वेळी इतकं सावकाश की मला जांभई यायची. तुम्ही मीनूला जेवढं शिकवलंत त्याहून जास्त वैनीला शिकवलंत. आधी ती मीनूला कडेवर अशी घ्यायची की उजवा हात पदराखाली जावा. कुणी विचारू नये म्हणून. तुमच्याकडे आल्यावर ती खाली बसायला लागली. पहिल्यांदा ती चटईवर पालथी झोपून मीनूच्या तोंडासमोर तोंड नेऊन हसली, तेव्हा मी दारातून परत फिरलो. मला तो माझ्या बघण्याचा क्षण वाटला नाही. मीनू वळली त्या दिवशी वैनीने गल्लीत काही वाटलं नाही. तुम्हाला मात्र कोळकट्टै आणून दिली, दोनच, पानात गुंडाळून. तुम्ही एक मला दिलीत.

याच दिवसांत मी चेन्नईला एका कार्यशाळेला जाऊन आलो होतो आणि डोक्यात वारं भरून आलो होतो. तिथे सांगितलं होतं की बाळपणच्या या जुन्या हालचाली मावळल्या नाहीत तर पुढे अक्षर बिघडतं, राग येतो, भीती वाटते, वर्गात लक्ष लागत नाही. ठरावीक व्यायाम केले की सगळं सुटतं. मी तुम्हाला म्हटलं, आपण शाळांमधून हे सुरू करू. तुम्ही विचारलंत, पुरावा किती आहे? मी म्हटलं, तुम्ही स्वतः मुलं शांत झालेली पाहिली आहेत ना? तुम्ही म्हणालात, पाहिली आहेत, पण मी पाहिलं हा पुरावा नव्हे. आई रोज मुलाजवळ जमिनीवर बसली तर मूल शांत होणारच, त्यातलं व्यायामाचं किती आणि आईचं किती, ते मला वेगळं करून सांगता येत नाही. मी हट्टाने म्हटलं, मला स्वतःला मोठा आवाज झाला की दचकायला होतं, माझीच ती सवय मावळलेली नाही. तेव्हा तुम्ही इतक्या हसलात. "अरे, तुझ्या घरात तू एकटा इंग्रजीत परीक्षा देतोस. दचकशील नाही तर काय?"

मी तेव्हा चिडलो होतो. नंतर होस्टेलच्या खोलीत बसून बराच वेळ त्याचा विचार केला. त्याआधी माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता शेवटचं भांडण.

मीनू भिंत धरून उभी राहायला लागली, मग भिंतीच्या कडेने पाय टाकायला लागली. आईने खोलीभर उशा टाकल्या. वैनी मागून फ्रॉक धरून चालायची. मी असलो की मी धरायचो. तिला आम्ही तिघांनी मिळून कधी जमिनीला लागू दिलं नाही. एका शनिवारी तुम्ही तिला कमरेला धरून आडवी उचललीत आणि एकदम चटईकडे झुकवलीत, डोकं खाली. कुठलंही मूल अशा वेळी दोन्ही हात पुढे टाकतं. ही हालचाल जन्मापासून नसते, आठव्या-नवव्या महिन्यात येते आणि मग जन्मभर राहते. रस्त्यात पाय घसरला तर आपले हात आपल्याला न विचारता पुढे जातात ते यामुळेच. मीनूचा डावा हात पुढे आला. उजवा छातीशी तसाच. तिचं तोंड चटईपासून चारेक बोटांवर तुम्ही थांबवलंत.

आई ओरडली. अण्णा त्या दिवशी आत आला होता. तो कधी बोलत नाही, तो म्हणाला, पुरे, आणि तिला तुमच्या हातातून घेऊन बाहेर गेला. त्यानंतर आठवडाभर त्यांनी तिला आणलं नाही.

मी आलो. तुम्ही चटया झटकत होता. मी म्हटलं, अक्का, तुम्ही फार घाई करता. तुम्ही म्हणालात, हा हात व्यायामाने अर्धाच येतो. उरलेला पडताना येतो. तुम्ही तिला पडूच देत नाही, तर त्याने यायचं कशाला? मी म्हटलं, आणि नाही आला तर? तुम्ही म्हणालात, कपाळाला टेंगूळ येईल. मी म्हटलं, तिचा आधीच एक हात कमी चालतो, त्यात तोंडावर पडून दात गेले तर घरचे तिला पुन्हा कधी खाली सोडणार नाहीत. मला अजूनही वाटतं यात मी अगदीच चूक नव्हतो. तुम्ही चटई खाली ठेवलीत.

"मऊ चटई घाल, टोकदार वस्तू काढ, सगळं कर. पण हात काढ. आणि तू काका म्हणून बोलतोस की थेरपिस्ट म्हणून, ते एकदा ठरव. दोन्ही चालेल मला. पण ठरव."

मी म्हटलं, सोमवारी सांगतो.

रविवारी तुम्ही तिरुवैयारूला बहिणीकडे गेलात. तिथून फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर होतो. तुमच्या भावाने फक्त, ये, एवढंच म्हटलं. तरी तुम्ही आता नाही, हे मला कळलं.

तुमच्या अंगणात त्या दिवशी इतकी मुलं होती. काही पायाला कॅलिपर लावून आलेली, काही आयांच्या कडेवर, एक उंच मुलगा कॉलेजचा शर्ट घालून. रडण्याच्या आवाजाने एक लहान बाळ दोन्ही हात पसरून दचकलं आणि त्याच्या आईने तुम्ही शिकवलं तसं त्याचे हात छातीशी जुळवून धरले. अशा वेळीही माझं लक्ष तिकडे गेलं, याची मला लाज वाटली आणि वाटलीही नाही. अण्णा फाटकाबाहेर रिक्षात बसून होता. आत आला नाही. नंतर कळलं, ज्यांना यायला जमत नव्हतं अशा मुलांना तो दिवसभर ने-आण करत होता.

तुमची खोली आता बंद आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही, अक्का. घरी गेलो की माझा हात आपोआप मीनूच्या मागे जातो. तुमचं म्हणणं ऐकू येतं, हात मात्र मागेच राहतो. वैनीला मी आपलं भांडण सांगितलं होतं, तुमचं ‘हात काढ’ जसंच्या तसं. आई म्हणाली होती, गेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये हे खरं, पण पोरीचं तोंड आपलं आहे.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. शेवट कसा करावा ते कळत नव्हतं. तुमचे आभार मानून संपवावं असं ठरवलं होतं, पण ते वाक्य दोनदा लिहून खोडलं.

आज दुपारी कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना वैनीचा फोन आला. ती कधी कॉलेजच्या वेळेत फोन करत नाही. मी बाहेर व्हरांड्यात गेलो. ती रडत होती आणि मागे मीनूही रडत होती, मोठमोठ्याने. वैनी म्हणाली, मीनू पडली. अंगणात, फरशीवर. मी विचारलं, धरलं नव्हतं का कुणी? ती म्हणाली, मी मागेच होते. मी धरलं नाही.

मी विचारलं, तोंडावर?

"नाही. तळहात खरचटलेत."

मी विचारलं, कुठला?

वैनी रडता रडता म्हणाली, "दोन्ही."